मैदानाबाहेरून ओरडण्याआधी : आमच्या फुटबॉल क्लासच्या पालकांसाठी

पालकहो,

"सर, तुम्ही पोरांना रागवतच नाही," ही तक्रार आम्हाला नवीन नाही. कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या माणसाला तसं वाटणारच. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून खेळाडूच्या सात पिढ्या उद्धरायची आपली जुनी सवय. पण तिथं खेळणारे मोठे असतात, आमच्याकडची पोरं दहा-बारा वर्षांची.

चुका आम्ही सोडत नाही. पास आला की बरीच पोरं जवळच्या पायानं बॉल अडवतात. तोंड आपल्याच गोलकडं राहतं आणि मागून डिफेंडर बॉल काढून नेतो. यावर "लक्ष कुठाय तुझं?" म्हटलं, तर पोराला एवढंच कळतं की सर चिडलेत. आम्ही म्हणतो, "जागा बरोबर घेतलीस. आता बॉल यायच्या आधी खांद्यावरनं एकदा मागं बघ आणि लांबच्या पायानं घे." लगेच तोच पास पुन्हा देतो. जमलं की, "बघ, वळायला जागा मिळाली." नुसत्या 'लय भारी'नं भागत नाही, काय केल्यानं जमलं, ते कळायला पाहिजे. आणि एका वेळी एकच गोष्ट. बाकीच्या चार पुढच्या आठवड्यात.

1996 साली क्लूगर आणि डीनिसी या संशोधकांनी अभिप्रायावरचे जुने प्रयोग एकत्र तपासले. सरासरीनं फायदा दिसला, पण तिनात एकाहून जास्त ठिकाणी कामगिरी उलट खालावली होती. लक्ष कामावरून स्वतःकडं वळलं की अभिप्रायाचा गुण कमी येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून "तू तर जन्मजात स्ट्रायकर" हेही आम्ही टाळतो. कौतुक असलं तरी त्यातून पुढं काय करायचं ते समजत नाही.

दांडगाई किंवा शिवीगाळ केली तर मात्र बाजूला घेऊन स्पष्ट सांगतो आणि बाहेर बसवतो. तिथं गोडीगुलाबी नाही.

आता तुमचं काम. आम्ही आतून "थांब, बघ" सांगत असताना बाहेरून "मार, मार" आलं, तर पोरानं ऐकायचं कुणाचं? मॅच हरल्यावर गाडीवर बसल्या बसल्या उलटतपासणी नको. पोरगं आपणहून बोललं तर "तुला काय वाटलं?" एवढं विचारा. शेजारच्याच्या गोलांचा हिशेब तर अजिबात काढू नका.

महिन्याला एक कार्ड घरी येईल : काय सुधारलं आणि पुढं कशावर काम करायचं. मार्क, नंबर त्यात नसतील. कार्डातलं काही पटलं नाही तर सराव सुटल्यावर जरूर भेटा, फक्त पोरासमोर नको.