पडलेलं बटण वर ढकलण्याआधी

श्रावणात चार दिवस झड लागली आणि आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात रोज सकाळी गिझर लावला रे लावला की अख्ख्या घराची लाईट जायला लागली. खालून काकू ओरडायच्या, "अरे पडलंय बघ परत, वर कर की!" मी वर करायचो, ते परत पडायचं. दोन दिवस हाच खेळ. तिसऱ्या दिवशी मी शहाणपणा करून गिझरची कॉईल बदलून आणली, तरी पडतंयच.

आता पडत होतं ते काय, ते आधी बघा. मेन बोर्डात बारकी बटणं असतात त्या एमसीबी, आणि एक जाडजूड असतं ज्यावर 'टेस्ट'चं बटण असतं, ते आरसीसीबी. एमसीबी फक्त करंट किती जातोय ते बघते, म्हणजे 16 अँपिअरची असेल तर लोड फार वाढला किंवा शॉर्ट झालं तरच पडणार. आरसीसीबीचा हिशेब वेगळा, फेजमधनं जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधनं परत आला का एवढंच ते बघतं, आणि 30 मिलीअँपिअरची तूट दिसली की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाईट तोडतं. ही तूट 16 अँपिअरच्या पाचशेव्या भागाहून कमी, एमसीबीला पत्ताही लागणार नाही, पण माणसाच्या छातीतनं तेवढा करंट गेला तर जीव जाऊ शकतो. म्हणून आरसीसीबी सारखं पडतंय म्हणून ते काढून डायरेक्ट करून देणारा वायरमन भेटला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

शोधायचं कसं? हात कोरडे, पायात चप्पल. घरातल्या सगळ्या पिना उपसा, नुसतं स्वीच बंद करून भागत नाही कारण स्वीच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि तो कुठं अर्थिंगला टेकला असेल तरी आरसीसीबी पडू शकतं. मग बटण वर करा. टिकलं तर एकेक पिन लावत जा, जिच्यावर पडेल ती वस्तू चोर. सगळ्या पिना काढूनही पडत असेल तर सगळ्या एमसीबी खाली करून एकेक वर करायची, म्हणजे कुठल्या खोलीची लाईन ते कळतं. इथंपर्यंत आपलं काम. त्याच्यापुढं भिंतीतली वायर आली, तिथं पक्कड घेऊन आपण घुसायचं नाही.

एका फॉल्टला मात्र ही दोन्ही बटणं काही करत नाहीत, तो म्हणजे ढिला स्क्रू. 2000 वॅटचा गिझर साधारण 8.7 अँपिअर ओढतो, आणि सॉकेटच्या मागं जॉईंट ढिला होऊन तिथं अर्धा ओहम रेझिस्टन्स आला तर त्या एका ठिपक्यावर जवळजवळ 38 वॅट उष्णता तयार होते, म्हणजे चांगलं तापलेलं सोल्डरिंग आयर्न प्लॅस्टिकमध्ये खुपसून ठेवल्यासारखं. करंट वाढलेला नसतो, गळतीही नसते, त्यामुळं काहीच पडत नाही. पिन हाताला गरम लागली, जळका वास आला, बोर्डातनं चरचर ऐकू आली की मेन बंद आणि वायरमनला फोन. फ्रीजला हात लावल्यावर मुंग्या आल्या तरी तेच. आणि एक बल्ब भगभगतोय, दुसरा मंद झालाय असं झालं तर न्यूट्रल सुटलाय समजा, 230 च्या जागी 400 व्होल्टच्या आसपासही येऊ शकतात, आधी मेन पाडा, मग महावितरणला 1912 वर कळवा.

आमच्याकडं पिना काढूनही बाथरूमच्या लाईनवरच पडत होतं. वायरमन काकांनी मेगर लावला, ते यंत्र 500 व्होल्ट देऊन वायरचं इन्सुलेशन मोजतं, निदान एक मेगाओहम तरी यायला पाहिजे, आमचं त्याच्या जवळपासही नव्हतं. त्यांनी भिंतीतल्या पाईपमधनं जुनी वायर ओढली तर तिच्याबरोबर ओला गाळ बाहेर आला. 2019 च्या महापुराचा, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलेलं तेव्हाचा. वर रंग दोनदा दिला होता आम्ही. नवी वायर पडली, बटण टिकलं, आणि काढलेली चांगली कॉईल माळ्यावर पडून आहे, कुणाला पाहिजे असेल तर सांगा.