मॉड्युलर मॅट्रिक्स स्विचर

मॉड्युलर मॅट्रिक्स स्विचर : अनेक कॅमेरे, लॅपटॉप वा प्लेअर यांपैकी कोणाचेही चित्र हव्या त्या एका किंवा सगळ्या पडद्यांवर पाठवणारी, सुट्या कार्डांची मिळून बनलेली यंत्रणा. व्हिजन मिक्सर निराळा. तो दोन-तीन चित्रे मिसळून एक कार्यक्रम घडवतो, मॅट्रिक्स मात्र चित्राला फक्त वाट करून देतो. मांडवात दोघांनाही ‘स्विचर’च म्हणतात. त्यामुळे भाड्याच्या यादीत ‘स्विचर, १ नग’ एवढेच लिहिले, की ट्रकमधून भलतेच खोके उतरू शकते.

सगळी कार्डे एका फ्रेममध्ये बसतात आणि फ्रेम १९ इंची रॅकमध्ये. रॅकमधली उंची ‘यू’मध्ये मोजतात, १ यू म्हणजे ४४.४५ मिमी. १६ इनपुट व १६ आउटपुट असतील तर आत २५६ छेदबिंदू (एक इनपुट एका आउटपुटला जोडणाऱ्या जागा) लागतात, दोन्ही दुप्पट केले तर १,०२४. म्हणून आज लागतील तेवढीच कार्डे घ्यायची आणि उरलेले खण पुढच्या वर्षासाठी सोडायचे, हा या रचनेचा खरा फायदा. एसडीआयचे (व्यावसायिक कॅमेऱ्यांची जोडणी) कॅमेरे आत आणि एचडीएमआयचे (लॅपटॉप-टीव्हीची जोडणी) पडदे बाहेर, असा मेळही कार्डे बदलून बसतो. रिकाम्या खणावर पट्टी लावायला विसरू नये. ती नसली की पंख्याची हवा तिथूनच निसटते आणि शेजारची कार्डे तापतात.

बडोद्याचा मोठा गरबा हा या यंत्रणेचा कस पाहणारा प्रसंग. गायक-वादक मैदानाच्या मधोमध, भोवती खेळणाऱ्यांची वर्तुळे आणि पडदे पार कडेला. नाट्यगृहात डावा पडदा, उजवा पडदा म्हटले की भागते. गोल मैदानात डावे-उजवे कोणाचे? आउटपुटना मैदानाच्या फाटकांची नावे द्यावीत आणि तीच नावे वायरीच्या दोन्ही टोकांना, रॅकवर व टॅबलेटवर असावीत. हा तक्ता वायरी ओढण्याआधी कागदावर तयार हवा. नंतर करू म्हटलेला तक्ता सहसा होतच नाही.

वायर ओढताना अंतर पाहावे लागते. एचडीबेसटी, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतून चित्र नेणारी पद्धत, कॅट-६ वायरीवर १०० मीटरपर्यंत जाते. ३जी-एसडीआयची मजलही चांगल्या कोअ‍ॅक्सवर (केबल टीव्हीसारख्या गोल वायरीवर) साधारण तेवढीच. एचडीएमआयची साधी वायर त्याच्या आसपासही पोचत नाही. त्यापुढे फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची वायर. मैदानात फायबर घेण्याला आणखी एक कारण आहे. मंच एका जनरेटरवर आणि पडदे दुसऱ्यावर असले, की दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो. तांब्याच्या वायरीच्या जाळीतून मग नको तो प्रवाह वाहतो, चित्र मधूनच तुटते, क्वचित कार्डही जळते. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, तेव्हा हा प्रश्नच उरत नाही. वायर जमिनीखालच्या पाइपातूनच न्यावी. इथे लोक अनवाणी खेळतात.

‘सगळे जोडले, पण पडदा काळा’ ही तक्रार बहुधा ईडीआयडीपाशी येऊन थांबते. पडदा आपल्याला झेपणारे आकारमान लॅपटॉपला कळवतो, त्या माहितीचे हे नाव. मध्ये मॅट्रिक्स आला, की लॅपटॉपला पडदा दिसत नाही, इनपुट कार्ड दिसते. म्हणून सगळ्या पडद्यांना चालेल असा एकच ईडीआयडी, उदाहरणार्थ १०८०पी, इनपुटवर कायम करून टाकावा. एचडीसीपीचे, म्हणजे नक्कल रोखणारे कुलूप असलेले चित्र एलईडी भिंतीच्या प्रोसेसरला उघडता आले नाही, तरीही पडदा काळाच राहतो.

मॅट्रिक्समध्ये चित्राला जवळजवळ उशीर होत नाही. तो स्केलर (चित्राचे आकारमान बदलणारे यंत्र) आणि एलईडी प्रोसेसरमध्ये होतो. सेकंदाला २५ फ्रेम असल्यास एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. गंमत अशी, की मंचावरच्या स्पीकरचा आवाजही ४० मीटरवर पोचायला सुमारे ११७ मिलिसेकंद घेतो. तीन फ्रेमांनी मागे पडलेले चित्र लांबच्या फाटकाशी टाळीबरोबर जुळते आणि मंचाजवळच खटकते.

दूरनियंत्रणाचा जुना मार्ग आरएस-२३२ ही संगणकाची जुनी तारेची जोडणी. दोन्ही टोकांना सारखी लागणारी सेटिंग बहुतेकदा अशी: ९६०० बॉड (वेग), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. वायर १५ मीटरच्या आत. आता नेटवर्कवरून तेच अक्षरी हुकूम जातात, अनेकदा टेलनेट या जुन्या पद्धतीच्या २३ क्रमांकाच्या पोर्टवर. फ्रेमला आयपी पत्ता कायमचा नेमून द्यावा, नाहीतर राउटर पुन्हा सुरू झाल्यावर टॅबलेट जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतो. हुकूम बरोबर असूनही यंत्र गप्प राहिले, तर ओळ संपल्याची खूण तपासावी. ती प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. टेलनेटवर पासवर्ड उघडाच जातो, त्यामुळे फ्रेम थेट इंटरनेटवर ठेवू नये. दूरच्या शहरातून हात घालायचाच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद खासगी वाटेने.

आरती सुरू होताच सगळे पडदे एका कॅमेऱ्यावर आणायचे असतात. त्यासाठी अनेक जोडण्या एका बटणावर साठवतात. बटण दाबल्यावर यंत्राकडून ‘झाले’ असे उत्तर येते. पण त्याचा अर्थ आतला छेदबिंदू बदलला एवढाच. पडद्याची वीज गेली असली तरी उत्तर तेच येईल. यावर तोड म्हणून जाणते लोक एक आउटपुट राखून ठेवतात, त्यावर आळीपाळीने प्रत्येक इनपुट पाहतात, आणि फाटकापाशी एक छोटा नेटवर्क कॅमेरा पडद्याकडे तोंड करून लावतात. तरीही रॅकपाशी एक माणूस असतोच, आणि पुढच्या पॅनलची बटणे त्याच्यासाठी लॉक न करता ठेवलेली असतात.