४३६ आणि २० रुपयांचा विमा: कोणाला मिळतो, अर्ज कसा करायचा आणि दावा कुठे मांडायचा

मे अखेरीला किंवा जूनमध्ये पासबुक भरून आणलं की अनेकांना त्यात दोन नोंदी दिसतात. एक ४३६ रुपयांची, एक २० रुपयांची. बँकेनं काहीतरी कापलं म्हणून आपण पान उलटतो. हे दोन विम्यांचे वर्षाचे हप्ते आहेत: प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आणि प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. नोंदीत बहुतेक वेळा पीएमजेजेबीवाय आणि पीएमएसबीवाय अशी अक्षरं असतात. हप्ता वर्षानुवर्षं कापला जातो, पण घरात कोणालाच ठाऊक नसतं. मग माणूस गेल्यावर दावा मांडायला कोणी जातच नाही. म्हणून ही माहिती नीट वाचा आणि घरातल्यांनाही सांगा.

दोन्ही योजना २०१५ साली सुरू झाल्या. जीवन ज्योतीमध्ये मृत्यू कोणत्याही कारणानं झाला, आजारपणानं झाला तरी नॉमिनीला २ लाख रुपये मिळतात. सुरक्षा विमा फक्त अपघाताचा आहे. त्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे गेले, किंवा एक डोळा आणि सोबत एक हात वा पाय गेला, तरीही २ लाख. एकच डोळा किंवा एकच हात वा पाय गेला तर १ लाख. दोन्ही विमे असतील आणि मृत्यू अपघातानं झाला तर दोन्हींचे मिळून ४ लाख होतात. दवाखान्याचं बिल मात्र यातून मिळत नाही. त्यासाठी राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, तिची वाट वेगळी.

पात्रतेसाठी बँकेत किंवा पोस्टात बचत खातं हवं. जीवन ज्योतीसाठी वय १८ ते ५०. पन्नाशीच्या आत शिरलेल्याला दरवर्षी हप्ता भरून ५५ पर्यंत संरक्षण राहतं. सुरक्षा विम्याला वय १८ ते ७०. नवरा-बायकोचं संयुक्त खातं असेल तर दोघंही भाग घेऊ शकतात, पण दोघांचे अर्ज आणि हप्ते वेगळे. एका माणसाला प्रत्येक योजना एकाच खात्यातून घेता येते. तीन बँकांत खाती आहेत म्हणून तीनदा हप्ता भरला तरी भरपाई एकदाच मिळते आणि जास्तीचे हप्ते वाया जातात. पासबुकं काढून हे एकदा तपासाच.

अर्ज सोपा आहे. शाखेत, बँक मित्राकडे किंवा पोस्टात एका पानाचा फॉर्म मिळतो, तो मराठीतही आहे. आधार, खाते क्रमांक आणि हप्ता आपोआप कापून घ्यायची संमती एवढंच लागतं. वैद्यकीय तपासणी नाही. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. जीवन ज्योतीत मधेच शिरलात तर हप्ता कमी पडतो: जून ते ऑगस्ट ४३६, सप्टेंबर ते नोव्हेंबर ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारी २२८ आणि मार्च ते मे ११४ रुपये. नव्यानं घेतल्यावर पहिले ३० दिवस मात्र फक्त अपघाती मृत्यूलाच संरक्षण असतं. मे अखेरीला खात्यात पैसे नसले तर विमा तुटतो. पुन्हा घेता येतो, पण ते ३० दिवस पुन्हा मोजले जातात.

फॉर्ममधली सगळ्यात महत्त्वाची ओळ नॉमिनीची, आणि घाईत नेमकी तीच चुकते. बचत खात्याला नॉमिनी लावला म्हणजे विम्यालाही लागला, असं नाही. इथे नाव वेगळं लिहावं लागतं. ते आधारवर आहे तसंच लिहा. लग्न झालेल्या मुलीचं आधारवर सासरचं नाव असेल आणि तुम्ही सवयीनं माहेरचं लिहिलंत, तर पुढे ती दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे तिला सिद्ध करत बसावं लागतं. नॉमिनी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांच्या आतला असेल तर पालकाचं नाव घाला. नॉमिनीच नसेल तर वारस दाखल्यासाठी धावपळ करावी लागते, आणि ती दुःखाच्या दिवसांत.

दावा मांडायचा तो ज्या शाखेतून हप्ता कापला जात होता तिथेच. जीवन ज्योतीसाठी दावा अर्ज, मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं आधार आणि त्याच्या पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत करा.

अपघाताच्या दाव्याला कागद जास्त लागतात, आणि ते पहिल्या एक-दोन दिवसांतच तयार व्हावे लागतात. रस्त्यावरचा किंवा रेल्वेचा अपघात, विहिरीत वा नदीत बुडणं, खून, यांत पोलिसांत नोंद हवीच: एफआयआर किंवा पंचनामा, आणि शवविच्छेदन अहवाल. ‘पोस्टमॉर्टेम नको, देह लवकर ताब्यात द्या’ असं नातेवाईक कळवळून म्हणतात. ते समजण्यासारखं आहे, पण त्या अहवालाशिवाय दावा अडकतो. सापानं चावलं, नारळाच्या किंवा आंब्याच्या झाडावरून कोणी पडलं, तर ताबडतोब दवाखान्यात न्या. मृत्यूचं कारण दाखवायला दवाखान्याचाच कागद चालतो. आधी मांत्रिकाकडे नेण्यात जीवही जातो आणि पुरावाही. अपंगत्व आलं असेल तर सिव्हिल सर्जनचं प्रमाणपत्र लागतं. आत्महत्येला सुरक्षा विमा लागू नाही, जीवन ज्योती लागू आहे.

अपघाताचा दावा अर्ज ३० दिवसांच्या आत शाखेत द्या. काही कागद यायचे असले तरी थांबू नका. अर्ज देताना झेरॉक्सवर शाखेचा शिक्का आणि तारखेसह सही घ्या, कारण पुढे विचारपूस करताना तोच तुमचा आधार असतो. रक्कम थेट नॉमिनीच्या खात्यात येते. मध्ये कोणी ‘काम करून देतो’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, या दाव्याला कसलंही शुल्क नाही.

घरात गेल्या वर्षभरात कोणी गेलं असेल, तर त्यांचं जुनं पासबुक आजच काढा आणि मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ किंवा २० दिसले, तर मृत्यूचा दाखला घेऊन त्या शाखेत जा.