उचल, ठेव : शिवणकामातल्या इस्त्रीचं विज्ञान

दिवाळीच्या सुमारास सेलूहून पाथरीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची बोंडं फुटलेली दिसतात. बोंड मिटलेलं असतं तोवर आतला एकेक तंतू ओलसर, गोल नळीसारखा असतो. बोंड उकललं की उन्हानं ते पाणी उडून जातं, नळी चपटी होते आणि रिबिनीसारखी पीळ खाते. सूक्ष्मदर्शकाखाली कापूस ओळखायची खूण हीच: पिळलेली चपटी पट्टी. म्हणजे सुताला पहिली वळी शेतातच पडते, आणि ती पडते पाणी निघून जाताना. वाळताना ज्या आकारात असेल तो आकार कापूस धरून ठेवतो. शिवताना इस्त्री का आणि कशी करायची, याचं बरंचसं उत्तर या एका वाक्यात आहे.

माझी आत्या सेलूला ब्लाउज शिवायची. मशीनच्या उजव्या हाताला जुनी चादर चौपदरी घालून केलेलं टेबल, आणि त्यावर इस्त्री. वीज नसली तर कोळशाची. प्रत्येक शिलाई मारून झाली की ती उठायची, कापड टेबलावर ठेवायची, इस्त्री टेकवायची, उचलायची आणि परत मशीनवर बसायची. एका ब्लाउजसाठी अशी ती वीसेक वेळा तरी उठत असेल. मी पहिला ब्लाउज शिवला तेव्हा सगळं शिवून झाल्यावर शेवटी एकदाच इस्त्री केली, आणि तीही सुरकुती जाईना म्हणून जोर लावून, गळ्यावरून गरागरा फिरवत. गळा दोन बोटं सैल झाला. आत्यानं तो हातात घेतला आणि म्हणाली, “कायला घासायलीस गं? उचल, ठेव. उचल, ठेव.”

तिनं सांगितलं ते बरोबर होतं, पण का बरोबर होतं हे मला पुढे विज्ञान शिकवायला लागल्यावर उमगलं.

सूत म्हणजे सेल्युलोज: ग्लुकोजचे हजारो मणी ओवलेल्या लांबच लांब माळा. या माळा एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. एकेक बंध दुबळा, पण त्यांची संख्या अफाट. कापड चुरगळतं तेव्हा माळा थोड्या सरकतात, जुने बंध सुटतात आणि नव्या जागी नवे जुळतात. तीच सुरकुती. आता ती घालवायची तर बंध पुन्हा सोडवावे लागतात. नुसत्या कोरड्या उष्णतेनं हे करायचं म्हटलं तर तापमान २०० अंश सेल्सिअसच्या वर न्यावं लागतं, आणि तिथे सूत पिवळं पडून पोळायला लागतं. पाण्याचा रेणू मात्र हे काम सहज करतो. तो दोन माळांच्या मधे शिरतो, त्यांचे एकमेकींशी असलेले बंध सोडवतो आणि स्वतःशी जोडून घेतो. ओल्या सुताच्या माळा अगदी साध्या तापमानालाही सैल होतात, म्हणून तर पिळून ठेवलेला सुती कपडा इतका चुरगळतो. सैल झालेल्या माळा दाबून सपाट करायच्या आणि त्याच अवस्थेत पाणी काढून टाकायचं, एवढं इस्त्रीचं काम. पाणी सोडवतं, वजन बसवतं, उष्णता वाळवते.

आपल्या भागात हे पाण्याचं गणित फार महत्त्वाचं आहे. हवेत ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर १०० ग्रॅम कोरडं सूत हवेतूनच ७ ते ८ ग्रॅम पाणी शोषून घेतं. परभणी-जालन्याकडे मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा त्याच सुतात जेमतेम ३ ग्रॅम पाणी उरतं. कापड हाताला कडक लागतं, इस्त्री कितीही तापवा, सुरकुती हलत नाही. जुन्या बाया कापडावर पाणी शिंपडून त्याची घट्ट गुंडाळी करायच्या आणि ती अर्धा तास बाजूला ठेवायच्या, ते याचसाठी. शिंपडलेलं पाणी थेंबाथेंबानं एकेका जागी असतं. गुंडाळीत ते धाग्याधाग्यातून पसरत जातं आणि सगळीकडे सारखी ओल होते. शिंपडून लगेच इस्त्री केली तर थेंब वरच्यावर वाफ होऊन उडतात. अर्ध्या तासाची ही कळ सोसायला हवी.

ओलीचा दुसरा फायदा जाड ठिकाणी कळतो. कॉलरमध्ये कापडाचे चार-चार पदर एकावर एक येतात आणि कोरड्या पदरांमध्ये हवा अडकलेली असते. हवा उष्णतेची वाईट वाहक. पाणी तिच्यापेक्षा वीसपटीहून जास्त वेगानं उष्णता पुढे देतं. त्यात वाफेचा हिशेब आणखी वेगळा. १ ग्रॅम उकळतं पाणी १०० अंशांवरून ३० अंशांवर येताना ७० कॅलरी उष्णता देतं, पण १ ग्रॅम वाफ नुसती पाणी होतानाच ५४० कॅलरी सोडते. वाफ पदरांमध्ये शिरते, आतल्या गार धाग्यावर तिचं पाणी होतं आणि ही सगळी उष्णता ती तिथेच ठेवते. वाफेची इस्त्री नसली तरी धुवट सुती पंचा ओला करून घट्ट पिळायचा, कापडावर पसरायचा आणि त्यावर इस्त्री टेकवायची. कापडाच्या आत तीच वाफ तयार होते.

आता आत्याच्या “घासू नको”कडे येते. कापडात उभे धागे असतात आणि आडवे. उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेनं ओढलं तर धागा स्वतः ताण घेतो आणि कापड फारसं वाढत नाही. तिरकं ओढलं तर धागे ताणले जात नाहीत, ते एकमेकांवरून फिरतात. बाजेचा चौकोन कोपऱ्यातून ढकलला की तो तिरका होतो, तसंच. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी वळणावर छान बसते ती यामुळेच. पण गळा, मुंढा (जिथे बाही जोडतात तो गोल), बाहीचा गोल हेही कुठे ना कुठे तिरक्या धाग्यावर कापलेले असतात. त्यात कापड ओलं आणि गरम, म्हणजे माळा सैल. अशा वेळी इस्त्री पुढे ढकलली की गळा लांबतो, आणि पाणी उडालं की त्या लांबलेल्या मापातच पक्का होतो. माझ्या पहिल्या ब्लाउजचं हेच झालं होतं. इस्त्री हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला असं मानतात, आणि तिथल्या मूळ क्रियापदाचा अर्थ आहे ताणणे. धुतलेल्या साडीला ते ठीक आहे, पण शिवायला घेतलेल्या तुकड्याला ताणायचं नसतं. त्याला दाबायचं असतं: इस्त्री ठेवायची, चार-पाच सेकंद थांबायचं, पूर्ण उचलायची, मग पुढच्या जागी ठेवायची.

शिलाई दाबण्यालाही क्रम आहे, आणि बहुतेकजणी त्याची पहिली पायरी गाळतात. शिलाई मारून झाली की माया, म्हणजे शिलाईबाहेर राखून ठेवलेलं कापड, उघडण्याआधी शिलाई जशी आहे तशीच, बंद, दोन्ही बाजूंनी दाबायची. मशीन चालताना धागा ताणात असतो, त्यामुळे शिलाईच्या रेषेवर बारीक चुण्या येतात. गरम दाबानं तो धागा कापडात बसतो आणि चुण्या निवळतात. त्यानंतर उलट्या बाजूनं माया दोन्हीकडे उघडून दाबायची. (या कापडाला माया म्हणणारी आपली भाषा मला फार आवडते. ती सोडलेली असली तरच कपडा पुढे सैल करता येतो.) मायेची कडा सुलट बाजूला उमटू नये म्हणून तिच्याखाली कागदाची पट्टी सरकवायची. आणि एक शिलाई दुसरीला आडवी जाणार असेल तर पहिली आधी दाबून घ्यायचीच. एकदा वरून दुसरी शिलाई गेली की खालचा गोळा तिथेच कैद होतो. मग कितीही दाबा, तो सपाट होत नाही. खांद्याची शिलाई जिथे गळ्याला मिळते तिथे बोट फिरवून बघा, शिवणारीनं मधे इस्त्री केली होती की नाही ते लगेच कळतं.

टक्स (कापडाला गोलावा देणाऱ्या शिवलेल्या चिमट्या) आणि कटोरी (ब्लाउजचा वाटीसारखा भाग) सपाट टेबलावर दाबू नयेत. टक्स घेतल्यावर सपाट कापडाचा शंकू होतो, आणि शंकू सपाट दाबला तर टोकाशी घडी पडणारच. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिच्या गोलाव्यावर कापड ठेवावं, म्हणजे कापड अंगावर जसं बसणार तशाच आकारात वाळतं.

हे सगळं सुताचं झालं. पॉलिएस्टरचा स्वभाव निराळा. ते पाणी जवळजवळ पीतच नाही, १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅमही नाही. त्याच्या माळा सैल होतात त्या उष्णतेनं, साधारण ७० ते ८० अंशांवर, आणि २५० अंशांच्या पुढे ते वितळतं. टेरिकॉटच्या, म्हणजे पॉलिएस्टर आणि सुताच्या मिश्र कापडाच्या, पँटची धार धुण्यानं जात नाही, कारण बादलीतलं पाणी त्या ७० अंशांपर्यंत पोचतच नाही. मात्र याची दुसरी बाजूही आहे: चुकून पडलेली घडीही तशीच पक्की बसते. म्हणून असं कापड दाबण्याआधी हातानं नीट सारखं करावं. गडद टेरिकॉटवर सुलट बाजूनं इस्त्री केली की चमक येते, तीही बहुतेकदा कायमची. तंतूंचे गोल माथे दाबून चपटे होतात आणि आरशासारखा प्रकाश एकाच दिशेनं परतवतात. वरून सुती कापड टाकावं किंवा उलट बाजूनं दाबावं.

तापमानाच्या खुणा इस्त्रीवर असतात: एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. आत दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि वीज तुटते; गार झाल्यावर ती सरळ होते आणि वीज पुन्हा सुरू होते. अधूनमधून “टक्” असा आवाज येतो तो तिचाच. सुरू केल्यावर पहिल्यांदा दिवा विझतो तेव्हा तळ ठरल्यापेक्षा जास्त तापलेला असू शकतो, म्हणून रेशमाला लगेच लावू नये; दिवा एकदा लागून पुन्हा विझू द्यावा.

कोळशाच्या इस्त्रीला ना ठिपके ना दिवा. आत्या बोटानं पाण्याचा एक थेंब तळावर टाकून बघायची, भाकरीच्या आधी तव्यावर टाकतात तसा. थेंब चर्रकन उडाला तर तळ मध्यम तापलेला. थेंब मोत्यासारखा गोल होऊन पळायला लागला तर तळ जवळपास २०० अंशांवर. इतक्या उष्णतेला थेंबाखाली वाफेची गादी तयार होते, थेंब तिच्यावर तरंगतो आणि उलट हळू आटतो. लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्यानं १७५६ साली हे लिहून ठेवलं, म्हणून या परिणामाला त्याचं नाव आहे. थेंब पळाला की आत्या रेशमी ब्लाउजपीस बाजूला ठेवायची आणि आधी सुती काम घ्यायची.

मिश्र कापडाला त्यातल्या सगळ्यात नाजूक धाग्याप्रमाणे वागवावं. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू कापडामध्ये सूत आणि रेशीम एकत्र असतं. तिथे रेशमाचं ऐकायचं. पैठणीचा काठ ब्लाउजला लावताना तर नेहमी उलट बाजूनं, मधे कोरडं सुती कापड घालून, पाणी न शिंपडता. रेशमावर पाण्याच्या थेंबाचा डाग राहतो. शिवाय आजच्या पुष्कळशा जरीत चांदीच्या तारेऐवजी धातूचा मुलामा दिलेली पॉलिएस्टरची पट्टी असते. ती तापली की आक्रसते आणि काठाला कायमच्या चुण्या पडतात. काठाच्या तुकड्यातून निघालेल्या चिंधीवर आधी इस्त्री टेकवून बघावी.

फॉल आणि अस्तर कापण्याआधी पाण्यातून काढतात ते का, हेही आता सांगता येतं. मागावर धागे ताणून बसवलेले असतात. पहिल्यांदा पाणी मिळालं की सूत फुगतं, ताण सुटतो आणि कापड आटतं. न भिजवलेला फॉल साडीला लावला तर पहिल्या धुण्यात फॉल आखडतो, साडी तशीच राहते आणि काठ गोळा होतो. फॉल वाळवतानाही ओढून ताठ करू नये, ओलसर असताना उचलून-ठेवून दाबावा. नाहीतर इस्त्रीनं पुन्हा भरलेला ताण पुढच्या धुण्यात निघतो.

वाफेची इस्त्री घेतली असेल तर बोअरचं पाणी तिच्यात घालू नका. आपल्याकडच्या काळ्या खडकातून येणारं बरंचसं पाणी जड असतं. त्यातले कॅल्शियमचे क्षार तापल्यावर पांढरा थर होऊन वाफेच्या भोकांत बसतात आणि ऐन वेळी पांढुरक्या थेंबांनी कापडावर उतरतात. पाणी उकळून, गार करून, वरचं नितळ तेवढं घेतलं तर यातले काही क्षार भांड्याच्या तळाशीच राहतात. घरी आरओ असेल तर त्याचं शुद्ध पाणी अधिक चांगलं.

कॉलरच्या पेस्टिंगला, म्हणजे ती ताठ राहावी म्हणून आत चिकटवायच्या कापडाला, तर घासणं अजिबात चालत नाही. त्याच्या पाठीवर गोंदाचे बारीक ठिपके असतात. ते वितळून कापडात शिरायला दहा-पंधरा सेकंद एकाच जागी दाब लागतो, आणि गार होईपर्यंत हलवलं की पकड सुटते. धुतल्यावर कॉलरला येणारे फुगे बऱ्याचदा इथूनच येतात.

गार होण्याची ही वेळ पेस्टिंगपुरती नाही, सगळ्याच कापडांना लागते. गरम, दमट सुतातले बंध अजून पुरते जुळलेले नसतात. तेव्हाच कापड उचललं तर हाताच्या पकडीची वळीही त्यात बसते. आत्याकडे सुताराकडून रंधा मारून घेतलेला, पॉलिश नसलेला एक लाकडी ठोकळा होता. इस्त्री उचलली की ती तो लगेच शिलाईवर ठेवायची. लाकूड वाफ पितं, उष्णता मात्र झटकन जाऊ देत नाही, त्यामुळे शिलाई दाबाखालीच वाळते. कॉलरची धार तर त्याच्याशिवाय येतच नाही. पावसाळ्यात, हवेतच ओल असताना, ती ठोकळा जास्त वेळ ठेवायची आणि तयार ब्लाउज घडी न घालता दोरीला टांगायची. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी “थांबा बाई, गार होऊ द्या” म्हणायची, आणि चहाचं आधण ठेवायची.