डिले (ध्वनिपरिणाम)

आलेला आवाज साठवून ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवणारा ध्वनिपरिणाम. खानदेशात ऑर्केस्ट्रा, लग्नाचे बँड आणि अहिराणी गाण्यांचे स्टुडिओ यांत तो ‘इको’ या नावाने चालतो. परिणाम-यंत्रावर त्याची तीन मुख्य बटणे असतात : टाइम (आवाज किती वेळाने परत यावा), फीडबॅक आणि मिक्स (मूळ आवाजात परिणाम किती मिसळावा). फीडबॅक म्हणजे निघालेली आवृत्ती, म्हणजे परत ऐकू आलेला आवाज, पुन्हा यंत्रात सोडणे. तो प्रमाणाबाहेर गेला, तर आवाज विरण्याऐवजी चढत जातो आणि गाणे बुडते.

या परिणामाचे अनेक प्रकार, म्हणजे मोड, असतात. स्लॅपबॅकमध्ये साधारण ६० ते १५० मिलिसेकंदांनी एकच आवृत्ती येते. गायकाचा आवाज भरीव होतो, पण शब्द स्पष्ट राहतात. टेप मोड फिरत्या चुंबकीय फितीची नक्कल करतो. १९७४ चे रोलँड आरई-२०१ हे त्यातले गाजलेले यंत्र. त्यात प्रत्येक आवृत्ती आधीच्यापेक्षा मंद होते आणि किंचित डुलते. अॅनलॉग मोडमागे फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये निघालेली चिप आहे. हातोहात बादल्या पुढे द्याव्यात तसा विद्युतभार तिच्यात टप्प्याटप्प्याने सरकतो. डिजिटलमध्ये आवृत्ती मुळाइतकीच स्वच्छ असते. रिव्हर्स, म्हणजे उलटी वाजणारी आवृत्ती, फारतर स्टुडिओत, गाण्याच्या सुरुवातीला शोभतो. पिंगपाँगमध्ये आवृत्त्या डावी-उजवीकडे आलटून पालटून जातात, मात्र मंडपातली जोडणी बहुधा मोनो (सगळ्या स्पीकरांतून एकच आवाज) असते आणि तिथे हा मोड लावून काहीच साधत नाही.

टाइम गाण्याच्या लयीवरून ठरतो. ६०,००० ला मिनिटातल्या ठोक्यांनी भागले की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० च्या लयीला ५००. त्याचा पाऊण भाग, म्हणजे ३७५, चार-चारच्या ठेक्यात खुलतो. पण ठोक्याचे तीन भाग पडणाऱ्या सहा मात्रांच्या ठेक्यात तोच आकडा ढोलकीशी भांडतो. तिथे दोन तृतीयांश, म्हणजे ३३३, घ्यावा. हिशेब नको असेल तर टॅप बटणावर ठेका धरावा.

गाण्याचा इको निवेदनालाही तसाच ठेवणे ही मंडपातली सर्रास खोड. ‘वधूच्या मामांनी मंडपात यावे’ म्हणताना ‘मामांनी’ परत येतो तो ‘मंडपात’वर आदळतो. पत्र्याच्या मंगल कार्यालयात तर घुमारा आधीच असतो. निवेदनाला परिणाम बंद ठेवावा हेच बरे.

मोठ्या मैदानावर स्टेजचा आवाज मागे उशिरा पोहोचतो, म्हणून मागे लावलेल्या स्पीकरांनाही डिले लागतो, पण तो निराळा : फीडबॅक शून्य, मूळ आवाज बंद, फक्त उशिराचा आवाज. उष्ण हवेत ध्वनी वेगाने जातो. त्यामुळे स्टेजवरच्या स्पीकरांपासून ३५ मीटर मागे, मे महिन्यातल्या ४४ अंशांत सुमारे ९८ मिलिसेकंद लागतात, तर डिसेंबरच्या रात्री १२ अंशांत १०३. त्यात आणखी १०-१५ मिलिसेकंद घातले, की मागे बसलेल्यांनाही आवाज स्टेजवरूनच येतोय असे वाटते.