खिडकीत वाल, बाहेर बर्फ

न्यू जर्सीतल्या बियांच्या दुकानात फुलवेलींच्या फळीवर ‘हायसिंथ बीन’ नावाचं पाकीट दिसतं. वर जांभळ्या फुलांचे तुरे आणि चकचकीत जांभळ्या शेंगांचं चित्र. आत मोजके काळे दाणे, प्रत्येकाच्या कडेला ठसठशीत पांढरी रेघ. ज्याच्या घरी बिरडं होतं त्याला पाकिटावरचं नाव वाचायची गरज नाही. हा वाल आहे, लॅबलॅब परप्युरियस. व्हर्जिनियात माँटिसेलोला, थॉमस जेफरसनच्या घराच्या भाजीबागेत, तो मांडवावर चढवलेला असतो. खाण्यासाठी नाही, बघण्यासाठी. त्याच फळीवर गणेशवेल, निळी मॉर्निंग ग्लोरी, रात्री उमलणारी पांढरी मूनफ्लॉवर आणि नशीब असेल तर गोकर्णही मिळतो.

या सगळ्या वेली उबदार मुलखातल्या. फ्रॉस्ट, म्हणजे पानांवरचं दव गोठवणारी रात्र, त्यांना सोसत नाही. मध्य न्यू जर्सीत अशी शेवटची रात्र एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या सुरुवातीला येते आणि ऑक्टोबरात पुन्हा धास्ती सुरू होते. पण पाणी गोठेपर्यंतही थांबावं लागत नाही. तापमान बराच वेळ १० अंश सेल्सियसच्या खाली राहिलं तरी या वेलींच्या पेशींभोवतीची स्निग्ध पटलं घट्ट होतात, क्षार झिरपतात, मुळं पाणी ओढेनाशी होतात. मग ओल्या मातीतही पान मलूल पडतं. म्हणून तिकडचे बागकाम करणारे बी आधी घरात लावतात आणि ऊन तापलं की रोप बाहेर नेतात.

इथपर्यंत सोपं आहे. गोम अशी की बी आणि रोप दोघंही बाहेरच्या जगाच्या काही खुणा वाचत असतात, आणि घरात त्यातल्या निम्म्या खुणा चुकीच्या मिळतात. बहुतेकांचं लक्ष फक्त उबेकडे असतं.

पहिली खूण पाण्याची. वाल रात्रभर भिजत घातले की सकाळी बहुतेक दाणे टम्म फुगलेले असतात, पण दोन-चार तसेच खड्यासारखे राहतात. स्वयंपाकघरात हे गणंग निवडून टाकले जातात. वनस्पतिशास्त्राच्या नजरेतून तेच दाणे सर्वांत शहाणे. त्यांच्या सालीच्या बाहेरच्या थरात जाड भिंतींच्या पेशी उभ्या, एकमेकींना खेटून बसलेल्या असतात आणि त्यांच्यात पाण्याला दाद न देणारे पदार्थ भरलेले असतात. शेंगांच्या कुळातल्या बहुतेक टणक बियांना पाणी आत घ्यायला एकच कच्ची जागा असते: त्या रेघेच्या टोकाशी असलेला, ‘लेन्स’ म्हणतात तो बारीकसा उंचवटा. उन्हाळ्यात जमीन दिवसा तापते, रात्री निवते, असं पुष्कळ दिवस झालं की तिथल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि फट पडते. मॉर्निंग ग्लोरी आणि गणेशवेल दुसऱ्या कुळातल्या, पण त्यांच्या बियांनाही अशीच ठरलेली दारं असतात.

एवढा बंदोबस्त कशासाठी, याचं उत्तर आपल्याकडच्या मे महिन्यात सापडतं. वळवाची एक जोरदार सर येते, माती भिजते आणि नंतर तीन आठवडे आभाळ कोरडं. त्या सरीला भुलून जे बी उगवलं ते मेलं. एकाच शेंगेतले काही दाणे लगेच उगवायला तयार आणि काही पुढच्या वर्षापर्यंत दार लावून बसलेले, ही वाटणी वेलीच्या वंशाला तारून नेते.

रेघेबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. रेघ म्हणजे दाणा शेंगेला जिथे चिकटलेला होता ती जागा. हाइड या संशोधकाने १९५४ साली क्लोव्हर आणि ल्युपिन या वालाच्या लांबच्या नातलगांवर काम करून दाखवलं की तिथली चीर झडपेचं काम करते. हवा कोरडी असली की ती उघडते आणि दाण्यातली ओल बाहेर जाते. हवा दमट झाली की मिटते आणि ओल आत येऊ देत नाही. त्यामुळे दाणा कधीकाळी अनुभवलेल्या सर्वांत कोरड्या हवेइतका सुकतो आणि तसाच राहतो. ही झडप चालवायला सजीव यंत्रणा लागत नाही. चिरेच्या काठावरच्या मेलेल्या पेशी ओलीने कमीअधिक फुगतात, एवढ्यावर सगळं भागतं.

घरात बी लावणाऱ्याने हे दार हाताने उघडायचं असतं. नेलकटरने किंवा नखं घासायच्या कानशीने रेघेच्या विरुद्ध बाजूला साल एवढीशी खरवडायची, आतला पांढरट गर जेमतेम दिसेपर्यंतच. विरुद्ध बाजूला अशासाठी की मुळाचा कोंब रेघेजवळ असतो आणि तिथे कानस चालवली तर तोच कापला जातो. पॉलिश पेपरवर घासलं तरी चालतं. मग कोमट पाण्यात एक रात्र. चोवीस तासांपेक्षा जास्त भिजवू नये, कारण पाण्याखाली प्राणवायू कमी पडतो आणि बी गुदमरून सडतं. शिवाय बी फुगलं म्हणजे ते जिवंत आहे असं नाही. फुगणं हे निव्वळ भौतिकशास्त्र आहे. सुका दाणा स्पंजासारखा पाणी ओढतो आणि मेलेला दाणाही तितकाच झकास फुगतो. जीव आहे की नाही ते मोड आला की कळतं.

जाता जाता एक इशारा. या पाकिटांतलं काहीही खायचं नाही. मॉर्निंग ग्लोरीच्या बिया विषारी असतात, शोभेच्या वालाच्या सुक्या दाण्यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात आणि विक्रीच्या बियांना कधी कधी बुरशीनाशक चोळलेलं असतं. आणि भारतातून येताना पर्समध्ये बियांची पुडी टाकून आणणं अमेरिकेच्या कायद्याला चालत नाही. लागवडीच्या बियांना फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याचं, प्रमाणपत्र किंवा तसा परवाना लागतो.

दुसरी खूण उबेची, आणि ती हवेची नाही, मातीची. या वेलींना उगवायला माती २१ ते २७ अंशांची लागते. हीटिंगवर चालणाऱ्या घरातली हवा २१ अंश असली तरी काचेला टेकलेली कुंडी रात्री बरीच खाली जाते, आणि वरची ओल उडताना माती आणखी गार होते. म्हणून लोक कुंडीखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, ठेवतात. उगवण झाली की मॅट काढून घ्यावी. उबदार, ओली, हवा न खेळणारी माती पिथियमसारख्या जंतूंना मानवते. त्यांनी धरलेलं रोप मातीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवं पडतं.

स्वीट पी या फुलवेलीच्या बाबतीत हे सगळं उलटं आहे. ती सिसिलीकडची. फ्रान्सेस्को कुपानी या तिथल्या धर्मगुरूने १६९९ साली तिच्या बिया इंग्लंडला पाठवल्या आणि तिथे तिचं कौतुक सुरू झालं. भूमध्य समुद्राकाठच्या सौम्य थंडीत वाढलेल्या या वेलीला १३ ते १५ अंश पुरतात आणि हीट मॅट सोसत नाही. आपल्याकडेही ती ऑक्टोबरात पेरून थंडीत फुलवतात.

तिसरी खूण उजेडाची. लक्स या उजेडाच्या मापात बाहेर भर दुपारी एक लाखाच्या आसपास उजेड असतो, खोलीच्या मध्यभागी तो काही शेवर येतो. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण ते उजेडाशी जुळवून घेतात. रोपाला मात्र जाणवतो, आणि ते आपण अजून मातीखाली किंवा कुणाच्या तरी सावलीत आहोत असं धरून चालतं. खोड लांबत जातं, पांढुरकं होतं, पानं बारीक राहतात. त्यात ही वेल. शेंडा गोल फिरत आधार शोधू लागतो आणि शेजारच्या रोपाला, पडद्याला, ब्लाइंड्सच्या दोरीला मिठी मारतो.

हे गोल फिरणं चार्ल्स डार्विनने आजारपणामुळे खोलीत अडकून पडलेला असताना पाहिलं होतं. त्याने हॉप या वेलीची कुंडी आपल्या उबदार खोलीत ठेवून घेतली आणि शेंड्याच्या फेऱ्या टिपत बसला. उन्हाळ्यात, दिवसा, एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटं लागत होती. वेल आधार शोधते कशी, याचा एक सुंदर धागा जपानमध्ये सापडला. तिथे ‘शिदारे आसागाओ’ नावाची मॉर्निंग ग्लोरीची एक लोंबती जात शोभेसाठी जपलेली आहे. ती वर चढतच नाही. तिच्या एका जनुकात बिघाड असल्याने खोडातला एक थर नीट घडत नाही. गुरुत्वाकर्षण ओळखणाऱ्या पेशी त्याच थरात असतात. म्हणजे ज्या वेलीला खाली कुठे आहे हे कळत नाही, तिला गोल फिरताही येत नाही आणि काठीला विळखाही घालता येत नाही. तेव्हा घरातल्या प्रत्येक रोपाला पहिल्या खऱ्या पानासोबतच स्वतःची बारीक काडी द्यावी. नंतर गुंता सोडवायला गेलं की शेंडे मोडतात.

याच कारणासाठी माझं मत ठाम आहे: फेब्रुवारीत घाई करू नये. मॉर्निंग ग्लोरी, गणेशवेल, वाल यांना शेवटच्या फ्रॉस्टआधी चार ते सहा आठवडे पुरतात, म्हणजे न्यू जर्सीत मार्चचा उत्तरार्ध. गोकर्ण संथ आहे, त्याला आठ आठवडे द्यावेत. कागदाच्या कुंडीत लावलं तर कुंडीसकट जमिनीत पुरता येतं. या वेलींची मुळं हलवलेली त्यांना आवडत नाहीत. बाहेर नेण्याआधी आठ-दहा दिवस रोज थोडा जास्त वेळ अंगणात ठेवावं. घरातल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि काचेने अतिनील किरण बरेचसे अडवलेले असतात, त्यामुळे थेट उन्हात पानं करपतात.

राहिली चौथी खूण, आणि बहुतेकांना चकवा देणारी तीच. अमेरिकी कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० साली ‘मेरीलँड मॅमथ’ तंबाखूचं कोडं सोडवलं. तो उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावर जाई पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र फुले. थंडी किंवा खत हे त्याचं कारण नव्हतं, दिवसाची लांबी होती. पुढे १९३८ साली कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड पाडला की तो हिशेब मोडतो. पॉलिहाउसमधल्या शेवंतीवर रात्री दिवे लावून फुलं लांबवतात ती याच जोरावर.

जपानी मॉर्निंग ग्लोरीची ‘व्हायोलेट’ ही जात तर याबाबतीत प्रयोगशाळेची लाडकी आहे. बीजपत्रं, म्हणजे बीतून निघणारी पहिली दोन पानं, नुकतीच उघडलेल्या रोपाला सोळा तासांची एकच रात्र दिली तरी पुरतं, ते कळी धरण्याचा निर्णय घेऊन टाकतं. फेब्रुवारी-मार्चच्या लांब रात्रींत खिडकीतली काही रोपं वीतभर असतानाच कळ्या धरतात ती यामुळे. दिवे चौदा-सोळा तास चालू ठेवले तर रोपं आधी पानांकडे लक्ष देतात.

गावरान वालाची अडचण याच्या बरोब्बर विरुद्ध. मुंबईत २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा, न्यू जर्सीत पंधराचा. आपल्या जुन्या वेली रात्र लांबली की कळ्या धरतात, म्हणून शेंगांचा बहर थंडीत. तिकडे त्याच वेली जून ते ऑगस्ट मांडवभर माजतात, फूल एकही नाही, आणि सप्टेंबरच्या शेवटी कळ्या दिसू लागतात तोवर फ्रॉस्ट दारात. मार्चऐवजी फेब्रुवारीत पेरूनही यात फरक पडत नाही. पोर्चचा दिवा रात्रभर वेलीवर पडत असेल तर आणखी उशीर होतो. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन म्हणूनच इतरांच्या मागून पिकतं. वेल कुंडीत असेल तर जपानी हौशी लोक आसागाओला, म्हणजे मॉर्निंग ग्लोरीला, करतात तो उपाय आहे: संध्याकाळी पाचला वर पुठ्ठ्याचं खोकं घालायचं आणि सकाळी सातला काढायचं. मांडवावर चढलेल्या वालाला खोकं घालता येत नाही. त्याच्यासाठी भर उन्हाळ्यात फुलणारी शोभेची जातच विकत घ्यावी.