इंजिन नंबर : आधी गाडीची ओळख, मग एका भागाची

नाशिकला पेठ रोडवरच्या आरटीओत जुनी गाडी तपासणीसाठी उभी केली, की आरसीवरचे दोन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहिले जातात. त्यांपैकी चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, नंबरावर पातळ कागद धरून त्यावरून शिसपेन्सिल आडवी घासायची आणि उमटलेला ठसा अर्जाला चिकटवायचा, ही रीत नोंदी संगणकावर गेल्या तरी अंगवळणी पडलेली आहे. इंजिन नंबर मात्र बहुधा अशा अडचणीच्या जागी असतो, की तो वाचायला बॅटरीचा उजेड, फडके आणि थोडा धीर लागतो. एकाच गाडीला दोन नंबर कशासाठी, हे समजून घ्यायचे तर मोटारींच्या सुरुवातीच्या काळात जावे लागते.

त्या काळात इंजिनाचा नंबर हीच पुष्कळदा गाडीची ओळख असे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींच्या आसपास तयार झालेल्या फोर्डच्या मॉडेल टीचा नंबर इंजिनाच्या डाव्या बाजूला, रेडिएटरचे पाणी जिथून आत येते त्या तोंडाच्या वर ठोकलेला असे. तोच नंबर चेसिसवरही ठोकण्याची पद्धत १९२६च्या सुमारास, म्हणजे त्या गाडीचे आयुष्य संपत आले तेव्हा सुरू झाली. हे त्या वेळी गैर वाटले नाही, कारण इंजिन हा गाडीतला सर्वांत मोलाचा भाग होता. पण इंजिन बदलता येते, आणि ते बदलले की कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांची फारकत होते. चोरांना ही फट फार लवकर कळली. चोरीच्या मोटारी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्ध अमेरिकेला १९१९ मध्येच केंद्रीय कायदा करावा लागला. ओळख हळूहळू इंजिनावरून चेसिसकडे सरकली आणि १९८१ पासून अमेरिकेत सतरा अक्षर-अंकांचा एकसारखा वाहन-ओळख क्रमांक, म्हणजेच आजचा चेसिस नंबर, लागू झाला. शून्य आणि एक या आकड्यांशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. हे सतरा अंकांचे बंधन चेसिस नंबराला आहे, इंजिन नंबराला नाही; म्हणून प्रत्येक कंपनीच्या इंजिन नंबराची लांबी आणि रचना वेगळी दिसते.

भारतात मोटार वाहनांचे कायदे १९१४, १९३९ आणि १९८८ असे तीनदा झाले, आणि सध्याचा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आहे. त्याखालच्या केंद्रीय नियमांतील नियम १२२ गाडीवर हे नंबर कोरण्याविषयी आहे. ओळख चेसिसकडे गेली तरी आपल्या कायद्याने इंजिनाला मोकळे सोडलेले नाही : कलम ५२ नुसार इंजिन बदलल्यास मालकाने चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. पेट्रोलची जीप स्वस्तात घेऊन तिच्यात डिझेल इंजिन बसवण्याची चाल एकेकाळी चांगलीच रुळली होती, आणि अशा जीपच्या आरसीवर नव्या इंजिनाची नोंद झाली आहे की नाही, यावर तिची किंमत ठरत असे.

नाशिक जिल्ह्यात या दोन नंबरांचे वेगळेपण नकाशावरच पाहायला मिळते. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला आहे आणि गाड्या जोडण्याचा कारखाना सातपूरला. इंजिन आपला नंबर घेऊन तयार होते, गाडीच्या सांगाड्यावर दुसरा नंबर पडतो, आणि दोघांची गाठ जोडणीच्या वेळी बांधली जाऊन ती जोडी कागदावर येते.

नंबर शोधताना बहुतेकांची फसगत ओतीव आकड्यांमुळे होते. इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या मुख्य ओतीव धडावर, उठावाचे आकडे दिसतात ते साच्यातून आलेले असतात आणि त्या घडणीच्या शेकडो ब्लॉकवर तेच असू शकतात. इंजिन नंबर खोलगट असतो आणि मुद्दाम सपाट केलेल्या छोट्या पट्टीवर पडतो. ही पट्टी अनेक गाड्यांत ब्लॉक आणि गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ सापडते. नेमकी जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. मुरलेला मिस्त्री तिथे रॉकेलचा बोळा फिरवतो, ती कोरडी करतो आणि वरून खडू घासतो. खाचांत पांढरी भुकटी बसते आणि काळपट लोखंडावर आकडे उठून दिसतात. पॉलिश पेपर मारण्याचा मोह टाळावा, कारण घासलेल्या नंबराकडे तपासणारा संशयानेच पाहतो.

नंबराचे पहिले काही अंक बहुधा इंजिनाची जात सांगतात आणि मागचे त्याचा अनुक्रम. मारुतीच्या गाडीवर ‘के१२एम’ने सुरू होणारा नंबर असेल, तर ते के मालिकेतले, सुमारे १.२ लिटरचे, म्हणजे नेमके ११९७ सीसीचे इंजिन. ‘एफ८’ असेल तर जुन्या आठशेच्या घराण्यातले ७९६ सीसीचे.

नंबर घासून काढला तरी तो पुरता जात नाही. ठोकताना आकड्याच्या खालचा धातूही दाबला गेलेला असतो, आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या जागी रसायन लावल्यावर दाबलेला भाग भोवतालच्या धातूपेक्षा वेगळा झिजून आकडा पुन्हा दिसू शकतो. खाच फार खोलवर घासली असेल तर मात्र हा उपाय चालत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांना इंजिनच नाही, तेव्हा नियम १२२ ने त्यांच्यासाठी इंजिन नंबराच्या जागी मोटर नंबर सांगितला आहे. मॉडेल टीच्या काळात अमेरिकेतल्या नोंदवह्यांत इंजिनाच्या नंबरालाही ‘मोटर नंबर’च म्हणत.